माझ्या डब्यातून ९ जणांना उलट्या झाल्या. चूक चिकनच्या बोर्डाची का?

डबा_डोंबिवली

नमस्कार. मी डोंबिवली पूर्वेला राहते. चार वर्षांपासून घरातून जेवणाचे डबे देते. सध्या २६ डबे आहेत. त्यात बँकेतली माणसं आहेत, दोन क्लासमधले शिक्षक आहेत आणि आमच्याच गल्लीतले तीन आजी-आजोबा. मदतीला एक मावशी येतात. गेल्या मंगळवारी जे झालं त्यानंतर मला नीट झोप लागलेली नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

दुपारी पावणेतीनला पहिला फोन आला. "ताई, डबा खाल्ला आणि उलट्या सुरू झाल्या." साडेतीनपर्यंत आणखी पाच फोन. संध्याकाळपर्यंत ९ जण. सगळे एक ते दीडच्या दरम्यान जेवलेले. पोटात ढवळणं, तीन-चार उलट्या, दोघांना जुलाबही. ताप कुणालाच नाही. रात्रीपर्यंत बहुतेक जण सावरले. ७८ वर्षांच्या एका आजोबांना मात्र सलाईन लावावं लागलं. दुसऱ्या दिवशी ते घरी आले तेव्हा मी भेटायला गेले. ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत. आधी बसायला सांगितलं, मग सरबत घेतेस का विचारलं. घरी येऊन मी खूप रडले.

आता काय केलं होतं ते सांगते. सोमवारी संध्याकाळी एका वाढदिवसाची ऑर्डर होती, चिकन रस्सा आणि भात. चिकन मी नेहमीसारखं नळाखाली धुतलं आणि प्लास्टिकच्या चॉपिंग बोर्डवर त्याचे तुकडे केले. तोच बोर्ड साबणाने धुऊन मंगळवारी सकाळी काकडी, टोमॅटो, कोथिंबीर चिरायला घेतला. मंगळवारच्या डब्यात पोळ्या, दुधीची भाजी, काकडीची कोशिंबीर आणि ज्यांना भात लागतो त्यांना फोडणीचा भात. शेजारच्या काकू म्हणतात चिकनचा बोर्ड वापरलास तिथेच चुकलं. मलाही तेच वाटतंय. बोर्ड मी फेकून दिला आहे. पण नक्की काय झालं आणि आता काय काय बदलू, हे कुणी नीट सांगेल का? डबे सध्या बंद ठेवलेत.

खाडीकाठ

ताई, वाचून वाईट वाटलं. चिकनचा आणि कोशिंबिरीचा बोर्ड वेगळा हवाच, यात वाद नाही. आमच्याकडे मासे-मटणाची विळी वेगळी आणि भाजीची वेगळी, आई ती एकत्र ठेवूही द्यायची नाही. पण एक सांगा, चिकन रस्सा खाणाऱ्या वाढदिवसाच्या पाहुण्यांना काही झालं का?

डबा_डोंबिवली

नाही. त्यांना फोन करून विचारलं. ४० माणसं होती, कुणालाच काही नाही.

मुदपाकखाना

ताई, मी मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात २६ वर्षं काम केलं, शेवटची ११ वर्षं मुख्य म्हणून. रोज साडेतीनशे ताटं निघायची आणि खाणारे सगळे आधीच आजारी. त्यामुळे या विषयावर मी जरा लांब बोलते, ऐकून घ्या.

आधी दोन प्रश्न. पहिला, ज्या ९ जणांना त्रास झाला त्यांपैकी भात कोणी-कोणी खाल्ला होता? तुमच्याकडे कुणाला भात आणि कुणाला नको याची वही असेल, ती बघून सांगा, आठवणीने सांगू नका. दुसरा, तो भात मंगळवारी सकाळी शिजवला होता की सोमवारचा होता?

असं का विचारते ते सांगते. कच्च्या चिकनवरचे सॅल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू पोटात जाऊन वाढतात आणि मग त्रास देतात. सॅल्मोनेलाला लवकरात लवकर म्हटलं तरी सहा तास लागतात, बहुतेकदा बारा तास ते तीन दिवस. कॅम्पिलोबॅक्टरला दोन ते पाच दिवस. त्यात ताप येतो, जुलाब जास्त होतात. तुमच्याकडे एकला जेवले आणि पावणेतीनला उलट्या, तापाशिवाय, आणि रात्री बरे. इतक्या लवकर उलटी होते तेव्हा जंतूने अन्नातच आधी विष तयार करून ठेवलेलं असतं. माणसाने ते तयार विषच खाल्लेलं असतं.

डबा_डोंबिवली

वही काढली आणि हात थरथरले. २६ पैकी १५ जणांना भात होता, ११ जणांना नव्हता. त्रास झालेले ९ च्या ९ भातवाले. भात नसलेल्या एकालाही काही नाही. कोशिंबीर मात्र सगळ्यांना होती.

आणि हो, भात सोमवारचाच. ऑर्डरीतला जवळजवळ ३ किलो भात उरला. फ्रिजमध्ये चिकनचं पातेलं आणि दुधाच्या पिशव्या होत्या, जागाच नव्हती. मोठ्या पातेल्यात झाकण घालून ओट्यावर ठेवला. सकाळी वास घेतला, चव घेतली, दोन्ही अगदी छान. मावशींनी हाताने गोळे मोडून मोकळा केला. कढईत चांगला खमंग परतला, वाफ काढली. इतका गरम करूनही असं होतं का?

मुदपाकखाना

होतं, आणि मला तेच सांगायचं आहे. आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलंय की एक उकळी आणली की जंतू मरतात. जंतू मरतात हे खरं. पण त्यांनी मरण्याआधी जे करून ठेवलंय ते तसंच राहतं.

तांदळावर शेतातल्या मातीतूनच बॅसिलस सिरियस नावाचा जंतू आलेला असतो. तो बीजाणूच्या रूपात असतो, म्हणजे टणक कवचात झोपलेला. साध्या पातेल्यात भात शिजवला तर बीजाणू मरत नाहीत. भात कोमट झाला की ते जागे होतात आणि वाढायला लागतात. वाढता वाढता एक विष सोडतात. ते विष १२१ अंशाला दीड तास ठेवलं तरी टिकतं. तुमची कढई कितीही खमंग परतणारी असली तरी त्याच्यापुढे काही चालत नाही. त्याला वास नाही, चव नाही. तुम्ही वास घेतला, चव घेतली, त्यात तुमची काही चूक नाही, ते नाकाला कळणारच नव्हतं. या आजाराची पहिली मोठी ओळख १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये झाली, चिनी हॉटेलांतल्या फ्राइड राइसमुळे. तिथेही तेच घडत होतं. रात्री भात शिजवायचा, उघड्यावर ठेवायचा, दुसऱ्या दिवशी परतून द्यायचा. आपला फोडणीचा भात म्हणजे तीच कृती.

आता दुसरी शक्यता, कारण तुम्ही म्हणालात मावशींनी हाताने मोकळा केला. त्यांच्या हाताला कुठे कापलं होतं का, फोड, गळू, काही? स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू आपल्या नाकात, कातडीवर, आणि खास करून पिकलेल्या जखमेत असतो. तोही अन्नात विष सोडतो, तेही उकळून जात नाही, आणि त्याच्या उलट्याही अर्ध्या तासापासून आठ तासांत सुरू होतात. भाताचा नमुना उरला नसेल तर दोघांपैकी कोण होता ते आता सांगता येणार नाही, आणि मी छातीठोक सांगणारही नाही. पण दोघांनाही वाढायला रात्रभराची वेळ मिळाली ती एकाच कारणाने.

५ अंश ते ६० अंश, या मधल्या पट्ट्यात अन्न जितका वेळ राहील तितका धोका. ६० च्या वर गरम ठेवा, ५ च्या खाली गार ठेवा. मध्ये रेंगाळू देऊ नका. शिजवलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. मे महिन्यात स्वयंपाकघर ३२ अंशांच्या वर असतं, तेव्हा एकाच तासात.

आणि इथे ३ किलो भाताचं पातेलं तुमच्या आड आलं. वाटीभर भात पंधरा-वीस मिनिटांत गार होतो. मोठ्या पातेल्यातला झाकलेला भात बाहेरून गार वाटतो, मध्ये कितीतरी तास कोमटच असतो. आमच्याकडे नवीन आलेल्या प्रत्येक मुलीला मी एकदा हे दाखवायची. रात्री नऊला उतरवलेल्या वरणाच्या टोपात पहाटे डाव खोल घालायला सांगायचा आणि डावातलं वरण मनगटावर टाकायचं. कोमट लागायचं. एकदा मनगटाला कळलं की मग वही-पाटी लागत नाही. ते वरण आम्ही ओतून द्यायचो, अर्थात.

तसं मोठं वरण, मटणाचा रस्सा, पावभाजीची भाजी यांत आणखी एक जंतू असतो, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स. ४३ ते ४५ अंशांच्या आसपास तो दहाएक मिनिटांत दुप्पट होतो. म्हणजे पातेल्याच्या पोटात त्याला हवं तेवढंच ऊन मिळतं.

करायचं काय? भात उरला तर परातीत बोटभर थर पसरा, वर पंखा लावा, वाफ गेली की लगेच उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये. रस्सा-वरणाचं पातेलं मोरीत गार पाण्याच्या घमेल्यात उभं करा, पाणी दोनदा बदला, ढवळत राहा, मग लहान डब्यांत ओता. 'गरम ठेवलं तर फ्रिज बिघडतो' म्हणून तासन्‌तास बाहेर ठेवू नका. फ्रिज गच्च भरू नका, गार हवा फिरायला जागा लागते. आणि एक साधा फ्रिजचा थर्मामीटर घ्या. दोन-तीनशे रुपयांत मिळतो. फ्रिजच्या बटणावरचे १ ते ५ आकडे म्हणजे अंश नव्हेत, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं.

डब्याच्या धंद्यात तर मी म्हणेन उरलेला भात डब्यात जाऊच देऊ नका. घरी हवा तर खा, तोही वेळेत गार केलेला असेल तर. लोकांना ताजाच.

गावाकडचा

माफ करा, पण हे मला जरा अति वाटतं. आमच्या आजीकडे फ्रिज नव्हता. रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन आम्ही भावंडं शाळेत जायचो. कधी कुणाला काही झालं नाही.

मुदपाकखाना

दादा, माझ्याही आजीकडे नव्हता आणि मीही तोच भात खाऊन मोठी झाले, म्हणून तुमचं खोटं म्हणणार नाही. पण आठवून बघा, तो भात किती असायचा? दोन-चार वाट्या. पातेलं लहान, चटकन गार व्हायचं. बऱ्याच घरी तो ताकात कालवून ठेवत, आणि आंबट झालं की हा जंतू नीट वाढत नाही. रात्री आठला जेवण, सकाळी सातला फोडणी. आणि पोट बिघडलंच तर 'बाधलं', 'दृष्ट लागली' म्हणायचे, भाताचं नाव कुणी घेत नसे. इथे ३ किलो भात, मेची रात्र आणि खाणाऱ्यांत ७८ वर्षांचे आजोबा आहेत. घरच्या चार जणांवर जे निभावलं ते २६ जणांवर निभवेलच असं धरून चालता येत नाही.

खाडीकाठ

काकूंनी सांगितलेलं विष उकळून न जाण्याचं आमच्या मासळीतही आहे, म्हणून लिहितो. बांगडा उन्हात बर्फाशिवाय पडून राहिला की त्यात जंतूंमुळे हिस्टामाइन तयार होतं. तळा, कालवण करा, ते जात नाही. खाल्ल्यावर थोड्याच वेळात तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं, आणि लोक म्हणतात मासळीची अॅलर्जी आहे. म्हणून आई बाजारातून मासळी आणताना बर्फ मागून घ्यायची. कोळणीशी पैशांवरून घासाघीस करायची, पण बर्फावरून कधी नाही.

मुदपाकखाना

अगदी बरोबर. आता ताई, बोर्डाचं. मंगळवारच्या उलट्या त्याने झाल्या असं वाटत नाही, पण म्हणून तो सुटला असं समजू नका. कोशिंबीर शिजत नाही. कच्च्या चिकनचं पाणी तिच्यात गेलं तर ते जसंच्या तसं पोटात जातं. त्या दिवशी निभावलं, एवढंच.

चिकन नळाखाली धुणं बंद करा. नळाच्या धारेने उडालेले तुषार बाजूच्या ताटावर, पाणी गाळायच्या फडक्यावर, कोथिंबिरीच्या जुडीवर बसतात. इंग्लंडच्या अन्न सुरक्षा खात्याने २०१४ साली 'चिकन धुऊ नका' अशी मोहीमच काढली होती. मला ठाऊक आहे, आपल्याकडे दुकानातून आणलेल्या चिकनला पिसं-रक्त लागलेलं असतं आणि न धुता शिजवायला कुणाचं मन होत नाही. मग निदान असं करा: तुकडे दुकानातूनच करून आणा. धुवायचंच तर खोल पातेल्यात पाणी घेऊन, हळू, धार न सोडता. ते पाणी सावकाश मोरीत ओता आणि लगेच मोरी साबणाने घासा. हळद-मीठ चोळल्याने जंतू मरतात हाही गैरसमज आहे, ते चवीसाठी चोळा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्रम. सकाळी आधी कोशिंबीर, भाज्या, सगळं चिरून झाकून ठेवा. चिकन सगळ्यात शेवटी. म्हणजे बोर्ड एकच असला तरी घोटाळा होत नाही. दोन घेतलेत तर उत्तम. खूप चरे पडलेला प्लास्टिकचा बोर्ड साबणाने नीट साफ होत नाही, तो बदलायचा. चिकननंतर आधी साबण आणि गरम पाणी, मग ब्लीचचं पाणी. ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट लिटरभर पाण्यात ४ मिलिलिटर, म्हणजे लहान चमच्याला थोडं कमी. दोन-चार मिनिटं राहू द्या, धुवा, उन्हात उभा करा. ब्लीचमध्ये फिनेल, टॉयलेटचं अॅसिड काहीही मिसळू नका, विषारी वायू होतो. फ्रिजमध्ये कच्चं चिकन कायम सगळ्यात खालच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात. वर ठेवलं आणि थेंब गळला तर खालच्या दह्यात.

आणि ओट्याचं फडकं! मला विचाराल तर घरातली सगळ्यात घाण वस्तू तीच. एकाच फडक्याने ओटा, पोळपाट, हात, पुन्हा ओटा. रुग्णालयात आम्ही दिवसाला १२ फडकी वापरायचो आणि संध्याकाळी सोड्याच्या पाण्यात उकळायचो. तुम्हाला चार पुरतील. चिकनच्या जागी फडकं नकोच, कागद घ्या आणि टाकून द्या.

मावशींच्या हाताचं तुम्ही सांगितलं नाहीत.

डबा_डोंबिवली

मुद्दाम नाही टाळलं. काल त्यांच्याशी बोलले, मग लिहायचं ठरवलं. हो, डाव्या हाताच्या अंगठ्याला शनिवारी विळी लागली होती. पट्टी बांधली होती, ती पाण्याने सुटली म्हणून सोमवारी काढून टाकली. जखम थोडी पिकली होती. मला सांगितलं नाही, कारण मागच्या कामावर एकदा हात दुखतो म्हटल्यावर त्यांचे दोन दिवसांचे पैसे कापले होते. हे ऐकून मला स्वतःचीच लाज वाटली. मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं की माझ्याकडे तसं होणार नाही. आता सांगितलं आहे. हाताला काही झालं, पोट बिघडलं, तर सुट्टी आणि पूर्ण पगार. त्या दिवशी पोळ्या मी लाटीन, डबे कमी देईन.

त्यांना मी दोषी धरत नाही. भात मी ठेवला होता.

मुदपाकखाना

हे फार बरं केलंत. रुग्णालयात आमचा नियम हाच होता आणि तो घालायला मला मोठ्यांशी भांडावं लागलं होतं. पगार कापला की माणसं जखम लपवतात. साधं कापलेलं असेल तर पाणी न शिरणारी पट्टी आणि वर हातमोजा, पिकलेलं असेल तर अन्नाला हात नाही. आणि भात मोकळा करायला झारा किंवा काटा-चमचा वापरा, हात नको. शिजवलेल्या अन्नाला, जे पुन्हा शिजणार नाही त्याला, शक्यतो हात लावायचा नाही. हात धुताना २० सेकंद, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, नुसतं पाणी नाही. संडासातून आल्यावर, नाक शिंकरल्यावर, कच्च्या चिकननंतर, पैसे मोजल्यावर, मोबाइल धरल्यावर. ओट्याजवळ मोबाइल नकोच.

अन्न आणि औषध प्रशासनाकडे नोंदणी केली नसेल तर करून घ्या. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं 'फॉसटॅक' नावाचं प्रशिक्षण असतं, घरून डबे देणाऱ्यांनाही ते करता येतं. मावशींनाही घेऊन जा.

आणखी एक. परत असं कधी झालं तर उरलेलं अन्न फेकू नका. झाकून, वर नाव आणि वेळ लिहून फ्रिजमध्ये ठेवा, तपासता येतं. त्रास होणाऱ्यांना जलसंजीवनीची पुडी लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात, घोट घोट. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात ६ लहान चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, सपाट चमचे. म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बायका असतील, लघवी कमी झाली, शौचातून रक्त पडलं किंवा ताप चढला, तर घरी थांबायचं नाही.

डबा_डोंबिवली

काकू, तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू. दहा दिवसांनी लिहिते आहे.

९ जणांना मी घरी जाऊन खरं काय ते सांगितलं, भात आदल्या रात्रीचा होता हेही. त्या महिन्याचे पैसे परत केले. ७ जण पुन्हा सुरू झाले. दोघांनी नाही म्हटलं, तो त्यांचा अधिकार आहे. आजोबांच्या सुनेने मात्र स्पष्ट सांगितलं की महिनाभर बघू. तेही बरोबर आहे.

फ्रिजचा थर्मामीटर आणला. पहिल्या दिवशी आकडा बघून हादरले, ११ अंश! चार वर्षं मला वाटत होतं फ्रिज छान गार आहे. मागची जाळी धुळीने भरली होती आणि दाराचं रबर सुटलं होतं. रबर बदललं, आता ४ वर असतो. मावशी रोज सकाळी आल्या आल्या तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितात. भात आता सकाळी साडेनऊला लावते, डबे साडेअकराला निघतात, गरम. उरला तर आमच्या घरचं रात्रीचं जेवण, परातीत पसरून फ्रिजमध्ये टाकलेला.

एक शंका राहिली. आठवड्यातून दोनदा इडलीबरोबर ओल्या नारळाची चटणी देते. सकाळी सातला वाटते आणि लोक खातात एक वाजता. ती चालेल का?

मुदपाकखाना

पाऊस पडेपर्यंत नको. ओला नारळ, पाणी, कच्चं सगळं, आणि सहा तास बंद डब्यात. दही घातलं तरी मेच्या उन्हात माझा विश्वास नाही. त्याऐवजी सुक्या खोबऱ्याची लसूण घातलेली चटणी किंवा शेंगदाण्याची कोरडी द्या, इडलीवर तेल सोडून छान लागते. पाण्याचा अंश नसलेल्या चटणीत जंतू वाढत नाहीत. चटणी काढायचा चमचा मात्र कोरडा ठेवा.